तेर : प्राचीन तगर नगराचे अवशेष

तेर : महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील एक प्राचीन स्थळ. धाराशिव शहराच्या ईशान्येस सु. २० किमी. अंतरावर तेरणा नदीच्या काठी ते वसले आहे. तेरणा ही मांजरा नदीची आणि मांजरा ही गोदावरीची उपनदी होय. ग्रीक व रोमन लेखकांनी उल्लेखिलेले ‘तगर’ हे व्यापारी नगर म्हणजे आजचे तेर, असे आता सर्वमान्य झाले आहे. विटांनी बांधलेली प्राचीन मंदिरे, जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकड्या, त्यांतून निघालेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय आणि संत गोरा कुंभार यांची समाधी अशी येथील मुख्य प्रेक्षणीय स्थाने आहेत.

‘रोमन काळातील अवशेष’ या ख्यातीमुळे येथे येणाऱ्याची प्रथम थोडी निराशा होण्याचा संभव असतो. स्तंभांच्या रांगा, संगमरवरी कमानी किंवा रोमन देवतेचे देऊळ येथे नाही. महाराष्ट्रात ते कोठेच नाही. रोमन जगाच्या एका जुन्या मार्गनकाशात (प्यूटिंगर नकाशा) केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराशेजारी ऑगस्टस सम्राटाचे मंदिर दाखविलेले आहे. परंतु त्याचा एकही दगड अद्याप सापडलेला नाही. तेरची मंदिरे एतद्देशीय कारागिरांची असून रोमन व्यापार भरास आला होता त्या काळानंतर काही शतकांनी बांधली गेली. रोमशी असलेला संबंध दिसतो तो मंदिरांत नव्हे, तर टेकड्यांच्या मातीत आढळलेल्या तळहातावर मावतील एवढ्या वस्तूंत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्यास तेरचे अवशेष नीट उमगतात. एकत्र केल्या की दोहोंविषयी गैरसमज होतो.

तगरविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध असलेल्या, इ. स. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत मिळते. तिचा कर्ता अज्ञात आहे. बारिगाझा म्हणजे भडोच; तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. या ठिकाणांहून गाड्यांतून, वाट नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोचला माल येई. पैठणचा माल म्हणजे मौल्यवान खडे. तगरचा मुख्यतः कापड. त्यात जाडेभरडे कापड पुष्कळ असे, तलम मलमलीचे नाना प्रकार असत आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला येणारा इतर मालही असे. हा समुद्रकाठ पूर्वेचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर तगर हे केवळ उत्पादनाचे केंद्र नसून दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या मार्गावरील पेठ होती.

तेरहून कोकणचा किनारा जवळ असता माल दूरच्या भडोचला का जावा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तरही याच ग्रंथात सापडते. कल्याण बंदर पूर्वी परदेशी व्यापाऱ्यांना मोकळे होते. पुढे त्यावर निर्बंध आले आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो लिहितो. पश्चिम क्षत्रप व सातवाहन यांच्यातील संघर्षाचा हा परिणाम समजला जातो. घाटावरून कल्याणकडे उतरणारी नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या हाती असूनही बंदरच बंद पडले, तर गाड्यांना उत्तरेकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते. भडोचहून हा माल मोसमी वाऱ्यांच्या आधारे तांबड्या समुद्रातील मिसरी बंदरांत, तेथून नाईल नदीने अलेक्झांड्रियास व पुढे इटलीस पोहोचे. या व्यापारापायी भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली आहे. तो आकडा अचूक असेलच असे नाही, पण तक्रारीचा सूर खरा वाटतो.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर, धारूर अशी अनेक नावे सुचविण्यात आली. यांपैकी देवगिरी व जुन्नर पैठणच्या पूर्वेस नाहीत, एवढ्यावरूनच ती गळतात. तरीही ती बराच काळ पुढे केली जात होती. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजेच तेर हे समीकरण मांडले व ते टिकले. त्यांचा एक आधार भाषिक आहे. ‘तगर’ या शब्दातील ग प्राकृतात लोप पावून तयर, तइर व शेवटी तेर असे रूप सिद्ध होते. ‘नगर’ या शब्दापासून मराठीत ‘नेर’ झाला तो याच वाटेने; संगमनेर, पारनेर, अमळनेर ही ग्रामनामे सर्वांच्या ओळखीची आहेत. दुसरा आधार अंतराचा. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सु. ३५० किमी. आणि पैठण ते तेर सु. १५० किमी. भरते. वीस दिवस व दहा दिवस यांच्याशी ही अंतरे ताडून पाहिली, तर दिवसाला पंधरा ते अठरा किमी. असा वेग निघतो. वाटेची वळणे धरून भरलेल्या बैलगाडीला तो शोभण्यासारखा आहे. एकच विसंगती उरते : तेर हे पैठणच्या पूर्वेस नसून दक्षिणेकडे झुकलेल्या आग्नेय दिशेस आहे. किनाऱ्यावर बसून इतरांकडून ऐकलेली माहिती लिहिणाऱ्याची ही चूक क्षम्य मानावी लागते.

भारतीय साधनांतही तगरचे नाव आढळते. बादामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या शके ५३४ (इ. स. ६१२–१३) मधील ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे आपणांस तगर नगराचे अधिपती म्हणवीत. त्यांचे राज्य तेरवर नव्हते. मूळ कुलस्थानाचा अभिमान म्हणून हे बिरुद त्यांनी शतकानुशतके जपले. त्यांच्या काळी व्यापार ओसरला होता, परंतु नावाला वजन होते. कनकामर मुनीच्या करकंडचरिउ या अपभ्रंश काव्यात तेरापूर व त्याच्याजवळील लेण्यांची कथा आली आहे. ती लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळची लेणी, असे समजतात.

फ्लीट यांच्या सूचनेवरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे हेन्‍री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली. सर्वेक्षणाच्या १९०२–०३ च्या वार्षिक वृत्तांतात तिचा सचित्र अहवाल प्रसिद्ध झाला. तेव्हा हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. गावातील एका साध्या देवळाच्या मंडपामागे, चुन्याच्या थरांखाली, भारतात फारच थोड्या ठिकाणी उभी राहिलेली प्राचीन वास्तू दडलेली आहे, हे प्रथम कझिन्स यांच्या लक्षात आले. ते देऊळ त्रिविक्रमाचे होय.

त्रिविक्रम मंदिर पाहताना आधी समोरच्या मंडपाकडे दुर्लक्ष करावे. तो सपाट छताचा असून नंतरच्या काळातला आहे. त्याच्या छतावरून मागे पाहिले असता घोड्याच्या नालाच्या आकाराची दर्शनी कमान दिसते. कार्ले, भाजे किंवा अजिंठा येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर हीच कमान डोंगरात कोरलेली आहे. मग बाजूने फिरून मागे जावे. मंदिराचा मागील भाग चौकोनी नसून अर्धवर्तुळाकार आहे. शिल्पग्रंथांत अशा विधानास गजपृष्ठ म्हणतात. हत्ती पाठमोरा उभा राहिल्यावर जसा दिसतो, तशी ही गोलाई भासते. भिंती विटांच्या असून त्यांवर उथळ अर्धस्तंभांखेरीज फारसे अलंकरण नाही. छतही विटांचेच असून त्याचा आकार उपड्या नावेसारखा आहे. आडव्या थरांतील प्रत्येक वीट खालच्या विटेपेक्षा किंचित पुढे काढीत दोन्ही बाजू माथ्यावर मिळविल्या आहेत. खऱ्या कमानीचे तंत्र येथे वापरलेले नाही. डोंगरातील चैत्यगृहांत ज्या लाकडी छपरांची नक्कल दगडात केलेली आढळते, त्या छपरांचीच ही विटांमधील आवृत्ती आहे. मूळची लाकडी छपरे नष्ट झाली. त्यामुळे मोकळ्या जागेवर बांधलेले चैत्याकार मंदिर बाहेरून कसे दिसत असे, हे समजून घेण्यास तेर आणि आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर ही दोनच ठळक उदाहरणे उरली आहेत.

ही वास्तू मुळात कोणाची, याबाबत मतभेद आहेत. कझिन्स यांनी ती बौद्ध चैत्यगृह असल्याचे व पुढे तिचे विष्णुमंदिरात रूपांतर झाल्याचे मत मांडले आणि ते पुष्कळ काळ जसेच्या तसे उद्धृत केले गेले. तेरला बौद्ध वस्ती होती, याविषयी शंका नाही. उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. परंतु त्रिविक्रम मंदिरात स्तूप आढळत नाही आणि गजपृष्ठ विधान हे केवळ बौद्धांचे नव्हते. ऐहोळे येथील दुर्ग मंदिर याच आकाराचे असून ते आरंभापासून ब्राह्मणी देवतेचे आहे. मंदिराचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पाचवे–सहावे शतक मानला जातो. त्या काळात एकच कारागीरवर्ग सर्व पंथांसाठी काम करीत असे. तेव्हा केवळ आकारावरून पंथ ठरविणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आत पाय उचललेल्या त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती असून ती वास्तूहून बरीच उत्तरकालीन आहे. मात्र एक गोष्ट निर्विवाद होय : मंदिर टिकले ते त्यात पूजा चालू राहिली म्हणून. तेरच्या बाकीच्या विटांच्या इमारती लोकांनी घरे बांधण्यासाठी उकलून नेल्या.

उत्तरेश्वर व कालेश्वर ही दोन शिवमंदिरेही विटांचीच आहेत. उत्तरेश्वराच्या भिंतींवरील नक्षी विटा रचल्यानंतर कोरून व त्यावर गिलावा देऊन पूर्ण केलेली दिसते. या मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा हा भारतीय काष्ठशिल्पाचा दुर्मिळ नमुना असून ती आता तेरच्या संग्रहालयात ठेवली आहे. वाळवी, पाऊस व जळण यांच्या तावडीतून सुटून एवढ्या प्राचीन काळचे लाकूड शिल्लक राहावे, हेच नवल. येथील काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेले भुसा-तुसासारखे पदार्थ भाजताना जळून गेल्यामुळे विटेत सूक्ष्म पोकळ्या राहतात व ती हलकी होते. शिखराचा भार कमी करण्यासाठी केलेली ही योजना असावी. गावात याविषयी चमत्काराच्या कथा सांगतात. भट्टीची हकीकत त्याहून कमी मनोरंजक नाही.

मंदिरांनंतर टेकड्या पाहाव्यात. गावात व गावाभोवती, नदीच्या दोन्ही तीरांवर, मातीचे अनेक उंचवटे आहेत. जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढरट मातीस मराठवाड्यात पांढरी म्हणतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. मातीची घरे पडत, त्यांवर नवी उभी राहत, चुलीची राख व फुटकी खापरे तेथेच साचत आणि पिढ्यानुपिढ्या जमीन उंचावत जाई. या टेकड्यांतील मुख्य थर सातवाहनकालीन आहेत. चापेकर यांनी येथे केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये पुणे येथे प्रसिद्ध झाला. त्यानंतरही उत्खनने झाली. तथापि टेकड्यांवर आजही घरे व गोठे असल्याने नगराचा फारच थोडा भाग खणला गेला आहे. रस्ते कसे होते, कापडाची पेठ कोठे भरे, हे सांगता येत नाही.

टेकड्यांतून मिळालेल्या वस्तूंत शंखाच्या बांगड्या, काचेचे व दगडाचे मणी, हस्तिदंती कामाचे नमुने आणि मातीच्या मूर्ती विपुल आहेत. रोमन संबंध दर्शविणाऱ्या वस्तू तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार भूमध्य प्रदेशातील भांड्यांच्या धर्तीवर साच्यातून उठावाची नक्षी काढलेल्या खापरांचा. दुसरा प्रकार रोमन सम्राटाची मुखमुद्रा असलेल्या नाण्याचा ठसा मातीत घेऊन केलेल्या पदकांचा. त्यांना ओवण्यासाठी कडी किंवा भोक असते. अशी पदके तेलंगणातील कोंडापूर येथेही मिळाली आहेत. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नसे तो त्याची मातीची प्रतिकृती गळ्यात घाली, असे दिसते. पुतळ्यांच्या माळेत खरी नाणी ओवणाऱ्या महाराष्ट्राला ही हौस परकी वाटू नये. तिसरा प्रकार केओलीन या पांढऱ्या मातीच्या मूर्तींचा. पुढचा व मागचा भाग दोन वेगळ्या साच्यांत काढून जोडलेल्या या मूर्ती आतून पोकळ असतात. हे दुहेरी साच्याचे तंत्र रोमन जगातून आले असावे, असे मानतात. परंतु घडविलेले चेहरे, केशरचना व दागिने येथलेच आहेत.

या तिन्ही प्रकारांत एक साम्य आहे. प्रत्यक्ष परदेशातून आलेल्या वस्तू थोड्या आणि त्या पाहून तेरच्या कारागिरांनी घडविलेल्या वस्तू पुष्कळ आहेत. येथे रोमन वसाहत होती, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. रोमन वस्तूंची आवड होती, एवढाच निघतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मात्र खरोखरीच परदेशी आहे. तेर व कोल्हापूर यांतील हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. रोमन संबंधाचा मोह अभ्यासकांनाही आवरत नाही. तेर, नेवासे, भोकरदन इ. ठिकाणी मिळणाऱ्या, शिरोभागी कमळ असलेल्या किंवा शिरोहीन अशा लज्जागौरीच्या मूर्तींचे मूळ हसमुख सांकलिया यांनी रोमन अमलाखालील मिसर देशात शोधले होते. प्रजननदेवतेची कल्पना येथे रुजण्यास एवढ्या दूरची प्रेरणा आवश्यक होती, असे आज फारसे कोणी मानत नाही.

माल उलट दिशेने गेल्याचा एक पुरावा इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई शहर गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ मध्ये भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. सु. २५ सेंमी. उंचीची ही मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अलंकारांनी मढलेली, दोन बाजूंस छोट्या सेविका असलेली ही स्त्री आरंभी लक्ष्मी समजली गेली. आता तिला यक्षी म्हणतात. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती याच परंपरेतील असून, जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील मूर्तीचा तुकडा, सेविकांसह, पाँपेईच्या मूर्तीशी अधिक जुळतो. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली, असे मात्र म्हणता येणार नाही. तिच्यावर खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले असून ही लिपी वायव्य भारतातील होय. मूर्तीने कोणत्या मार्गाने प्रवास केला, कोणी तिच्यावर खूण केली, हे प्रश्न खुले आहेत. दख्खनच्या पठारावरील हस्तिदंतकारांचे काम रोमन घराच्या दिवाणखान्यात शोभण्याच्या योग्यतेचे होते, एवढे तेर व भोकरदन येथील मूर्तींवरून ठरते.

या वस्तू आज पाहावयास मिळतात, याचे श्रेय तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांना आहे. पावसाने टेकड्यांचे कडे धुपले, कोणी पाया खणला, कोणी पांढरी शेतात टाकण्यासाठी नेली, की खापरे, मणी व मूर्ती वर येत. लामतुरे यांनी त्या हजारोंनी गोळा केल्या आणि तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या नावाचे संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. या संग्रहाची एक मर्यादा अभ्यासकाला सतत जाणवते. वस्तू आहे, पण ती कोणत्या थरात व कशाच्या शेजारी होती, याची नोंद नाही. तिचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो आणि शैलीवरून ठरविलेला काळ एखाद्या शतकाने सहज सरकतो. लामतुरे यांनी वेचल्या नसत्या, तर या वस्तू खतासोबत शेतांत गेल्या असत्या किंवा विकल्या गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखक विद्यार्थिदशेत तेरला गेला असता एका मुलाने ओंजळभर मणी पुढे केले होते. ते कोठे मिळाले, असे विचारता त्याने हाताने सगळी टेकडी दाखविली. आज अशी वस्तू आढळल्यास ती शासनास कळविणे बंधनकारक असून तिची खरेदी-विक्री पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने नियंत्रित केली आहे. पाहणाऱ्याने टेकडीवरील खापर उचलून पाहावे व जेथे होते तेथेच ठेवावे.

भेटीसाठी पावसाळ्यानंतरचे महिने सोयीचे. कडे नुकतेच धुपलेले असल्याने थर स्पष्ट दिसतात आणि तिरप्या उन्हात विटांवरील उथळ नक्षी उठून दिसते. संग्रहालय आधी व टेकड्या नंतर पाहिल्यास पायाखालच्या तुकड्यांची ओळख पटते. त्रिविक्रम मंदिरात पूजेच्या वेळा सांभाळाव्यात.

वारकरी संप्रदायात तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून पूज्य आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातील या संताची समाधी तेरणेकाठी असून चैत्र महिन्यात तेथे यात्रा भरते. संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे हे गोरोबांनी पारखले, ती कथा याच गावाशी निगडित आहे. खापराचा भाजकेपणा अजमावण्यासाठी पुरातत्त्वज्ञही त्यावर टिचकी मारून नाद ऐकतो. यात्रेस येणाऱ्या बहुसंख्य भाविकांना तगर हे नाव ठाऊक नसते. जिल्ह्यातील तुळजापूर, नळदुर्ग व परांडा ही स्थळे आणि धाराशिव शहराजवळील लेणी तेरच्या भेटीला जोडून पाहता येतात. यांपैकी लेण्यांचा तेरशी प्रत्यक्ष संबंध असून, तेथील सध्याच्या जैन मूर्तींच्या आधी ती बौद्ध होती काय, या प्रश्नावर त्रिविक्रम मंदिराप्रमाणेच अद्याप एकमत नाही.